खर्ज कुठं बसतो

तेरा फूट लांब, दहा फूट रुंद.
उद्यमनगरच्या मागच्या गल्लीतली ही खोली
मला मिळाली तेव्हा तिच्यात
एक शिलाई मशीन होतं, दोन पंक्चर सायकली,
आणि कोपऱ्यात बसलेली एक म्हैस,
जी कुणालाच दिसत नव्हती.

पट्टणकोडोलीहून धनगरी ढोल आला
तेव्हा ती हंबरली.
खुर्चीत बसून ऐकलं तर ठोका टिचकीएवढा,
मागं सरकून कोपऱ्यात उभं राहिलं
तर छातीत गुद्दा.
ढोल तोच. वाजवणारा बिरू तोच.
खोली खोटं बोलत होती.

आधी फोम मागवला. काळे पिरॅमिड, चोवीस नग.
कुरिअरवाल्यानं खोकं एका बोटावर तोलून दिलं.
जे एका बोटावर तोलतं ते म्हशीला काय उठवणार,
हे बाराशे रुपये गेल्यावर सुचलं.
झांजेची धार तेवढी बोथट झाली.

तयार बेस ट्रॅप: एका कोपऱ्याला साडेनऊ हजार.
गुणाकार केला आणि लॅपटॉप मिटला.
इर्शाद म्हणाला, गाद्या उभ्या कर,
मामूच्या दुकानातनं आणतो, जुना कापूस, भारी कापूस.
श्रावणातल्या ओलीचं काय, विचारलं
तर म्हणाला, मग गाणी पण श्रावणातलीच कर.

बाबांना वरचे स्वर ऐकू येत नाहीत.
एकतीस वर्षं भट्टीच्या ब्लोअरशेजारी.
कुकरची शिट्टी, चिमण्या, माझं लहानपणचं रडणं,
सगळी खाती बंद.
त्या दिवशी मी त्रेचाळीस हर्ट्‌झचा सलग सूर लावून ठेवला होता,
ते बस्तीत शिरावं तसे चपला काढून आत आले
आणि तळवा भिंतीवर ठेवला.
भट्टीचं अस्तर कुठं पातळ झालंय
हे ते असंच बघायचे, म्हणे.
‘हितं हाय.’ चार पावलं. ‘हितं बी.’
खोलीच्या मधोमध थांबले. ‘हितं काय बी न्हाई.’
माझ्या माइकला हेच सांगायला दोन दिवस लागले होते.

मग शिरोलीहून रॉकवूल आलं,
अठ्ठेचाळीस घनतेचं, भट्टीच्या पाइपांना गुंडाळतात तेच.
बाबांनी दरात दोनशे तोडले, जुनी ओळख.
चार इंच जाड, मागं वीतभर पोकळी,
भिंतीला चिकटली की हवा हलायची थांबते म्हणून.
कापड लक्ष्मीपुरीत घेतलं. आरपार फुंकर जाते का
ते ताग्यामागून ताग्यावर फुंकून बघितलं,
दुकानदाराला वाटलं दृष्ट काढतेय.

फ्रेम ठोकताना, तोंडाला टॉवेल, अंगभर खाज,
बाबांनी विचारलं, ‘आवाज ह्यात शिरून जातो कुठं?’
‘धाग्यांत घासतो. त्याची उष्णता होते.’
‘किती?’
‘जन्मभर ढोल बडवला तरी चहा कोमट होणार नाही.’
ते बराच वेळ हातोडी धरून बसले.
मग म्हणाले, एवढ्याशा उष्णतेला
कुणी पगार दिला नसता.

खालच्या अक्काताईंनी जिन्यातूनच विचारलं,
‘गणपतीतला डॉल्बी बंद हुईल न्हवं आता?’
नाही अक्का. हे आतलं आतच निस्तरतं.
‘मग कशाला?’ म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

तीन कोपरे भरले.
चौथ्यात दार उघडतं.
चाकं लावून सरकता ट्रॅप करता येईल,
मापं घेतलीत, प्लायवूडही पडून आहे.
सध्या तिथं बाबांचं स्टूल असतं.
ढोलाचा ट्रॅक लावला की पाठ भिंतीला,
तळवे मागं टेकलेले, डोळे मिटलेले.
मीटरवर त्यांच्या असण्यानं
काडीचा फरक पडत नाही.

काल मी टेप घेऊन पुन्हा त्या कोपऱ्याशी गेले.
‘ह्यो ऱ्हाऊ दे,’ म्हणाले,
‘समदंच काढलंस
तर मला काय ऐकू येणार गं?’