होकायंत्राचं कार्ड

गोंदूरच्या हँगरचा पत्रा तापतो
तेव्हा मी विमानात उताणी शिरते,
पाय दाराबाहेर, डोकं पेडलच्या खाली,
दातांत टॉर्च.
वर पॅनलची पाठ दिसते:
चाळीस वर्षांच्या वायरी,
कुणाकुणाच्या हातच्या गाठी,
दोंडाईच्यात बाबांच्या दुकानात
जळालेली मोटर उघडल्यावर दिसायच्या तशा.
वासही तोच. वार्निश, धूळ,
फक्त मिरचीचा ठसका नाही.

काम तसं छोटं.
कॅप्टन गिरासेंनी कुठूनसा जुना जीपीएस आणला,
तळहाताएवढा.
म्हणाले, हा आता पॅनलमध्येच बसव,
सॉकेटातून लोंबणारी ती वायर
ऐन टेक-ऑफला गुडघ्यात अडकते.

बसबारवरून लाल वायर,
मध्ये दोन अँपिअरचा फ्यूज.
काळी थेट सांगाड्याला, रंग खरवडून,
रंगावर अर्थिंग धरत नाही
हे हिलालअण्णांनी शिकवलं. शिकवलं म्हणजे
एकदा माझं अख्खं काम उपटलं
आणि काही न बोलता चहाला गेले.
विमानाचे चौदा व्होल्ट, यंत्राला पाच,
मध्ये काडेपेटीएवढा कन्व्हर्टर.
त्याची भुणभुण रेडिओत शिरू नये
म्हणून वायरीवर जाळी चढवली.

"ताई, व्हयनं का?"
बाहेरून इंदास पावरा.
"थांब ना भो."

बटण दाबलं. यंत्र उठलं
आणि म्हणालं, मी भुजला आहे.
आधीच्या मालकाचं गाव असेल.
दहा मिनिटं तेच, भुज, भुज,
परक्या घरी झोपेतून उठलेल्या पोरासारखं.
पत्र्याखालून त्याला आभाळ दिसेना.
मग इंदास, मी आणि वॉचमन
तिघांनी विमान ढकलत उन्हात काढलं.
पडद्यावर काड्या एकेक उभ्या राहिल्या,
दोन, तीन, बराच वेळ तीनच,
चौथी आली
आणि विमान चाकही न हलवता
सहाशे किलोमीटर चालून
गोंदूरला पोचलं.

इंदासनं टाळी वाजवली नाही.
तो काचेवरच्या होकायंत्राकडे बघत होता.
"ते हललं," म्हणाला.
यंत्र बंद केलं, जागेवर. चालू केलं,
चार अंश पूर्वेला.
माझीच लाल वायर त्याच्या पाठीमागून गेलेली.
परत उताणी. परत टॉर्च.
लाल-काळी एकमेकींत पिळून
लांबून, खालून फिरवली.
चाराचे दोन झाले. दोनाचं काही होईना.

म्हणजे नवं कार्ड.
टॅक्सीवेवर रंगवलेल्या चक्रावर
इंजिन चालू ठेवून, तीस-तीस अंशांनी
बारा वेळा विमान फिरवायचं
आणि प्रत्येक वेळी लिहायचं:
तीसवर जायचं तर अठ्ठावीस धरा.
जुनं कार्ड अण्णांच्या हातचं.
बारीक अक्षर, सातला मधोमध आडवी रेघ.
अण्णा गेल्या माघात गेले.
चिमट्यानं कार्ड ओढलं
तर मागे डिंकाचा चौकोन राहिला,
तो मी पुसला नाही.
माझं लिहिताना
दोनशे सातच्या सातवर
हात परस्पर रेघ मारून गेला.
माझ्या सातला रेघ कधीच नव्हती.

संध्याकाळी कॅप्टन प्रकाशापर्यंत जाऊन आले.
हेडसेट गळ्यात, केस चिकटलेले.
छान चालतं, म्हणाले, रेडिओ स्वच्छ.
दोंडाईच्याच्या लाल पथाऱ्या यंत्राच्या आधी
त्यांनाच दिसल्या.
फक्त तापीवर एक गंमत झाली.
पडद्यावर मी जमिनीवर होतो
आणि खाली बघतो तर पाणीच पाणी,
त्यातला नकाशा बॅरेजच्या आधीचा आहे.

इंदास खाली बघत
चाकाला लाकडी अडण लावत होता.
त्याचं गाव तिकडचंच.
"यंत्रात आमनं वावर अजून शे का मग?"
त्यानं विचारलं,
आणि कॅप्टननी, काय बोलावं न सुचून,
त्याच्यासाठी यंत्र परत चालू केलं.