म्हणे

एल आल्तो. उंची चार हजार मीटर.
रात्री अंगातला कोट न काढता
मी वह्या तपासतोय. नववी ब, एकतीस वह्या.
प्रयोग तिसरा : पाण्याचा उत्कलनबिंदू.
निरीक्षण : शंभर अंश.
निरीक्षण : शंभर अंश.
निरीक्षण : शंभर अंश, खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा.

सकाळी मी तिथंच होतो.
पाणी खदखदत होतं, खिडकीची काच धुरकटली होती
आणि पारा सत्त्याऐंशीपाशी अडून बसला होता
चढावरच्या गाढवासारखा.
एकतीस जणांनी तो वाकून पाहिला,
मग जागेवर जाऊन पुस्तक उघडलं
आणि वाचलेलं लिहिलं.

एदिल्बेर्तो म्हणाला, थर्मामीटर बिघडलाय, प्रोफे.
दुसरा घेतला. तोही बिघडलेला.
तिसऱ्यानंतर तो गप्प झाला,
वहीत मात्र शंभरच.
हुशार मुलगा. दरवर्षी पहिला.
गुण कुणाच्या खिशात असतात, त्याला पक्कं ठाऊक.

आणि ही रोक्सानाची वही.
'मला विज्ञान जमत नाही' हे ती
स्वतःचं आडनाव सांगावं तसं सांगते.
तिच्या शंभरखालचा कागद खरवडलेला आहे.
दिव्यासमोर तिरपा धरला.
आठाची दोन्ही भोकं अजून शाबूत,
शेजारी साताची काठी.
पोरी, खोडताना हात अडखळला का गं,
की आता सवय झालीय?

तिची आई बाजारात उकडलेले बटाटे विकते.
खाली दरीत गेलं की बटाटा पटकन शिजतो,
इथं वर रडवतो,
हे तिला वीस वर्षं माहीत आहे.
कुणी त्याला विज्ञान म्हटलं नाही,
म्हणून तिनंही नाही.

आमच्या घरच्या भाषेत, आयमारात,
क्रियापदाला शेपूट लागतं.
डोळ्यांनी पाहिलेल्याला एक,
कानावर आलेल्याला दुसरं.
चुकीचं लावलं की आजोबा जेवण थांबवून विचारायचे,
तू होतास का तिथं?
शाळेत आलो ते ही शेपटं फाटकाबाहेर सोडून.
स्पॅनिशमधलं पाणी शंभरला उकळतं. पूर्णविराम.
कुणी पाहिलं, कुठं, कोणत्या चुलीवर,
काही नाही.
तसंच मी पाठ केलं, तसाच मास्तर झालो,
आणि पहिली अकरा वर्षं
वहीत सत्त्याऐंशी दिसले की लाल रेघ ओढली.
किती ओढल्या असतील.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं : समुद्रसपाटी.
कुणी पाहिलाय समुद्र?
कुणीच नाही. आमच्या देशालाच तो नाही.
मागच्या बाकावरून आवाज आला,
'आहे म्हणे.'
वर्ग फिस्सकन हसला. रोक्सानाही,
तोंडावर हात धरून, आपणच बोललो याचं नवल वाटून.

मग हवेचं वजन, वरची हवा विरळ, वगैरे.
ते नीट शिकवलं की नाही, सांगता येत नाही.
एदिल्बेर्तोनं हात वर केला :
परीक्षेत काय लिहायचं?
चार पर्याय असतात, प्रोफे.
सत्त्याऐंशी त्यांत नसतो.

खडू बोटांत फिरवत राहिलो.
शंभरवर खूण कर, म्हणालो शेवटी,
आणि माझाच आवाज मला
खोडरबरासारखा ऐकू आला.

नव्या पानावर रोक्सानानं लिहिलंय :
समुद्राकाठी शंभर म्हणे.
इथं सत्त्याऐंशी. मी होते.
अक्षर वाकडं. अंश लिहायचं विसरली.
अर्धा गुण कापावा का, या विचारात
मी मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेचं दार ढकललं
तर आत एदिल्बेर्तो.
पाणी ठेवलं होतं त्यानं, कुणी न सांगता.
पाऱ्याकडे पाहत उभा, कपाळाला आठी,
चिडलेला.

वही आणली नव्हती त्यानं.