पॉइंट नऊ

हसुराम तांडेलने बाकड्यावर खोका ठेवला
दोन्ही हातांनी, पाटीत जिवंत काही असावं तसा.
"पोरानी धारलाय. बसव."

खोक्यात अंगठ्याएवढा सोलेनॉइड,
चार वायरी, हातभर निळी नळी
आणि एक गोल मीटर, काचेवरची फिल्म अजून न काढलेली.
पोरगा जहाजावर असतो, इंजिन रूममध्ये.
दिव्याच्या कोळीवाड्यात येऊन चौदा महिने झाले त्याला.

"महाप्याचा चराव चरत नाय गो बाय गारी.
बर्फ भरला की नुसता काला धूर.
भिवंडीला पोचंपरत मासली माज्यावर हसतंय."

माझं दुकान रबाळ्याला, नाल्याकडच्या गल्लीत.
पाटीवर अजून जोसेफ ऑटो इलेक्ट्रिक.
जोसेफ वसईला गेला, पाटी आणि टेस्ट लॅम्प मला देऊन.
नवीन गिऱ्हाईक आधी विचारतं, जोसेफ कुठाय?
मग गप्प राहून माझ्या हातांकडे बघत बसतं.

हसुरामला समजावलं:
टर्बोचा दाब या बारक्या नळीतून वेस्टगेटला कळतो.
पुरे झालं असं कळलं की ते दार उघडतं
आणि उरलेला जोर सायलेन्सरकडे निघून जातो.
ही नळी मधोमध कापायची, सोलेनॉइड घालायचा.
तो टिकटिकत राहतो,
थोडी थोडी हवा वाटेतच सांडतो.
दाराला वाटतं, अजून भरायचंय.

"म्हंजे खोटं सांगतं."
"हो. पण मापात."
"मी मासली इकतो गो. मापातलं खोटं मला शिकवतंस?"

ब्लेड हातात होतं. पण जोसेफ सांगायचा,
कापायच्या आधी गाडी वाच.
म्हणून नुसता मीटर जोडला.
सायकलच्या तारेला वायर बांधून रबरी बुचातून आत ओढली,
अर्थिंगसाठी रंग खरवडला, पत्रा चमकेपर्यंत.
मागे पाण्याचे सहा पिंप, बर्फाच्या वजनाचे.

महाप्याचा चढ. दुसरा गिअर. पाय तळाला.
मीटर म्हणाला, पॉइंट पाच.
आरशात काळोख, मागे कुणाचा तरी हॉर्न,
आणि बॉनेटखाली एक सुस्स,
दात आवळून कुणी राग गिळावा तसा.

तो सुस्स कुठून येतो ते शोधायला मला दुपार गेली.
इंटरकूलरच्या पाइपाला, क्लॅम्पच्या अगदी कुशीत,
दोन इंची चीर. भोवती तेलाची साय.
इंजिन थंड असताना मिटलेली.
दाब आला की माशाच्या कल्ल्यासारखी उघडायची.

नवा पाइप, दोन क्लॅम्प. साडेतीनशे रुपये.

पुन्हा तोच चढ, तेच पिंप.
पॉइंट सहा, सात,
तिसऱ्या गिअरात पॉइंट नऊ, आणि तिथेच थांबला.
कंपनीने लिहून दिलेला आकडा.
आरशात रस्ता दिसत होता. डोंगराची कापलेली कड दिसत होती.
हसुराम बोलला नाही. शिलफाट्यापर्यंत
एक हात खिडकीबाहेर काढून हवा चाचपत राहिला.

दुकानात आल्यावर सांगितलं,
नळी कापायची गरजच नाही.
खोटं कुणालाच सांगायला नको.
या इंजिनाला याहून जास्त दाब झेपणारही नाही,
गॅस्केट उडालं तर तीस हजार.

तो सोलेनॉइड उलटासुलटा करत राहिला.
"पोर इचारंल," म्हणाला.

मग मी तो मडगार्डच्या आत दोन स्क्रूंनी पक्का केला.
नळी नाही. वायर नाही.
निळी नळी बाजूला गुंडाळून टाय मारला,
दिसायला छान.
फोटोसाठी त्याने मीटरवरची फिल्म काढली,
नखाने, घाई न करता.
इंजिन चालू, आकडा शून्यावर; तो म्हणाला,
"नऊ दिसूं दे." उभ्या गाडीत दिसत नाही नऊ.
तरी रेस देत राहिला.

मजुरी घेतली. सोलेनॉइडचे पैसे लावले नाहीत,
कारण काय म्हणून लावायचे?
गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली.
त्याने फोन लांब धरून फोटो पाठवला,
मग तसाच धरून बसला.

एकच खूण उमटली होती. दुसरी नाही.