जवळपास

दिवाळे गावात, मच्छीमार सोसायटीच्या वरच्या खोलीत
टेबलं दोन, याद्या तीन.

एक मिस्किटा सरांची, ठाण्याच्या ग्रंथालयातून आलेली.
तिच्यात प्रत्येक गोष्टीला एक कर्ता, एक शीर्षक, एक साल,
आणि कर्ता सापडला नाही तर चौकटी कंसात अज्ञात.
दुसरी बेलापूरच्या कचेरीची.
तिच्यात गाव नाही, सेक्टर आहे;
घर नाही, भूखंड.
तिसरी सोसायटीची वही, लाल कापडी पाठीची,
दामाजी नाखव्याच्या तिरक्या हाताची.
तारखेच्या जागी उधाण किंवा भांग.

माझं काम तिघींना एकमेकींशी बोलतं करणं.
म्हणजे एक चौथा तक्ता मांडायचा,
ज्यात स्वतःचं काहीच राहत नाही,
नुसती पायवाट असते
या रकान्यातून त्या रकान्यात.

सोपं वाटलं होतं.
'नाव' मी 'शीर्षका'ला जोडलं
आणि संगणकाने एका रात्रीत होडीचं पुस्तक केलं:
'सोनसाखळी', प्रथमावृत्ती, वल्ही सहा.
'मालक' 'कर्त्या'ला जोडला,
तर यशोमती तांडेल जिना चढून आली,
पडद्यावर बोट टेकवून म्हणाली,
"होरी उरणच्या सुतारानं बांधली.
मालक माझा सासरा.
नवरा अंथरुणाला खिळला तेव्हा
सात वर्षं चालवली मी.
आता सांग, कर्ता कोण?"
मी तीन रकाने केले.
मिस्किटा सर म्हणाले, आमच्यात एकच मावतो.

मग नात्यांच्या चार खुणा ठरवल्या:
तंतोतंत, जवळपास, याहून मोठा, याहून धाकटा.
तंतोतंत अख्ख्या वहीत एकोणीस निघाले.
जवळपास इतके, की ती खूण
मी एका बटणालाच बांधून टाकली.

निवटीचं सांगते.
वहीत निवटी.
ग्रंथालयात मत्स्यजीवन.
कचेरीच्या नकाशात, जिथे ती चिखलात उड्या मारते,
तिथे 'अविकसित क्षेत्र'.
याहून मोठा, त्याहून मोठा, असं वर वर चढत
निवटी शेवटी 'निसर्ग' झाली
आणि कुणाच्याच हाती लागेना.
शोधात निवटी टाकलं: शून्य नोंदी.
खिडकीतून पाहिलं. ओहोटी होती,
जेटीखाली
शेकड्यांनी.

वहीच्या प्रत्येक पानावर वाटे लिहिलेत.
होडीचा, जाळ्याचा, खलाशांचे.
शेवटच्या रकान्याला मथळाच नाही,
वर नुसती रेघ, खाली आकडे.
मी तो 'शेरा'मध्ये ढकलला होता,
जे कुठे बसत नाही ते सगळं जातं तिथे.
यशोमती म्हणाली, "तो बुडालेल्याचा.
त्याच्या घरी पोचवायचा."
त्याला तुम्ही म्हणता काय?
"म्हणायचं काय त्यात? पोचवायचा."

मिस्किटा सर बराच वेळ चष्मा पुसत बसले.
मग म्हणाले, आमच्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतही
एक रकाना आहे, धर्ममाता-धर्मपित्याचा.
बाळाचे आईबाप नव्हेत ते,
पण आईबाप गेले तर हेच.
आमच्या नमुन्यात तो बसत नाही.
तीस वर्षं मी तो गाळत आलोय.
हे त्यांनी मला सांगितलं की स्वतःला, कळलं नाही.
चहा मात्र निवला.

त्या आठवड्यात त्यांनी ठाण्याच्या शब्दयादीत
दोन नव्या ओळी घातल्या.
एक धर्ममाता-धर्मपित्याची.
दुसरी 'पोचवायचा'.
व्याख्येच्या जागी काय लिहावं ते सुचेना,
म्हणून उदाहरण दिलं:
सोनसाखळी, भांगाचा तिसरा दिवस, दोन पाट्या बोय,
चांगुणा नाखवा हिच्या दारी.

निवटी आता सापडते.
एकच नोंद आहे, तीही जवळपास.

बेलापूरला पत्र गेलंय.
त्यांच्याकडे असा रकाना वाढवता येतो का,
उत्तर यायचंय.
तोवर त्यांच्या तक्त्यात त्या जागी
मी दामाजीची रेघच ठेवलीय,
थोडी तिरकी.