बेचाळीस मीटरपर्यंत

यंत्र आमच्या जमिनीत नाही.
ते बाबुसोच्या पडीक भाटात आहे, गडग्याच्या पलीकडे,
आमच्या शेवटच्या पोफळीपासून चव्वेचाळीस पावलांवर.
मी मोजली. सकाळी एकदा, संध्याकाळी पुन्हा,
जणू दिवसभरात ते सरकलं असेल.

रात्री साडेनवाला रोहिदासचा फोन येतो, स्विंडनहून,
गोदामातली पाळी संपली की.
तब्येत विचारत नाही. विचारतो, "कितीवर पोचले?"
"एकोणीस."
"रंग?"
"लाल."
"लाल कसला? विटेसारखा की जांभळट?"
शाळेत चित्रकलेला नापास झालेला माझा भाऊ
एवढ्या लांबून छटा विचारतो.

आजोबांच्या नावाचा कागद माझ्याकडे आहे, लोखंडी पेटीत,
पोर्तुगीज शिक्क्याचा, कडा वाळवीने कुरतडलेला.
त्यातलं आमचं आडनाव मला वाचता येतं,
रिवण वाचता येतं,
आणि एक लांबलचक शब्द, ज्याचा अर्थ
फेलिसियान मास्तरांनी सांगितला होता: कायमचं.
पुढे एका कायद्याने ते कायमचं
कायमचं रद्द झालं.

आता वरची माती आमची.
एक-चौदाच्या उताऱ्यावर आईचं नाव, कंसात मयत, खाली आम्ही दोघं.
खालचं सरकारचं, आणि लिलावानंतर
ज्याने बोली लावली त्याचं.
वरचं कुठे संपतं, मी मामलेदार कचेरीत विचारलं.
कारकून म्हणाला, "नांगर जाईल तेवढं तुमचं, बाई."
कुळागरात नांगर घालत नाहीत, हे त्याला कोण सांगणार.

हद्दीचा खांब क्रमांक सतरा
आमच्या झऱ्याच्या बरोबर डोक्यावर रोवलाय.
सिमेंट ओलं असताना त्यावर कुणाचं तरी मांजर चालून गेलं.

बाबुसोने गंजक्या टिप्परला नवी ताडपत्री आणली.
येसू वेळीप ग्रामसभेत तांबड्या पाण्याची बाटली घेऊन आला,
टेबलावर ठेवली, काहीच बोलला नाही.
मी हात वर केला. विरोधात.
रोहिदासला हे सांगितलेलं नाही.

ड्रिलवर दोन पोरं आहेत, झारखंडची.
दगडाच्या कांड्या बाहेर काढतात, उसासारख्या,
पत्र्याच्या पेटीत ओळीने निजवतात,
प्रत्येकीवर खडूने खोली लिहितात.
मी चहा नेते. चहा हे निमित्त आहे, हे त्यांनाही माहीत आहे.
मंगरा म्हणाला, "आमच्या गावीही असंच मोजून गेले होते."
"मग?"
"मग मी इथं आलो."

सव्वीस. एकतीस. छत्तीसला निळसर काळा तुकडा,
हातात घेतला तर पाटा-वरवंट्याइतका जड.
त्या रात्री रोहिदास पाऊण तास बोलला.
घराचं छप्पर, त्याच्या मुलीची फी,
आजोबा उगाच नाही म्हणायचे, वगैरे.
मी हं हं करत राहिले,
आणि तो तुकडा माझ्या उशाशी होता.

आज बेचाळीसला पांढरी चिकणमाती लागली.
चिकट, ताकासारखी फिकट. यंत्र थांबलं.
मंगराने हात फडक्याला पुसले.
"इथं काही नाही, दीदी. वरचा होता तो नुसता खडा.
उद्या आम्ही पलीकडच्या डोंगरावर."

मी देवाला नारळ ठेवायला हवा होता.
मी म्हणाले, "नीट बघितलंत? अजून थोडं खाली?"
ते माझ्याच तोंडून आलं.
मंगराने माझ्याकडे पाहिलं,
ग्रामसभेतल्या त्या बाटलीकडे सगळ्यांनी पाहिलं होतं तसं,
आणि पाईपवर टोपण घट्ट केलं.

साडेनऊ वाजून गेलेत. फोन ओसरीवर वाजतोय.
मी बॅटरी घेऊन गडग्यापलीकडे आले आहे, पावलं मोजत.
एकेचाळीस भरली.
घाईत मोठी पडली असतील.
टोपणाला कान लावला तर आत पाण्याचा आवाज येतो,
आमच्या झऱ्याचा की कुणाचा,
एवढ्या खालून ओळखता येत नाही.