आत असलेल्यांची यादी

साडेनऊला फोन आला, लोर्नाबाईंना दार आत घेत नाही.
दार कुणालाच घेत नाही, ते फक्त सोडतं,
पण गिऱ्हाइकाशी वाद घालू नये.
बॅग उचलली. लॅपटॉप, मल्टीमीटर, पिवळी टेप.
पावणेअकराला मरोळच्या त्या गल्लीत,
जिथे तळमजल्यावर अजून लाकडी खोकी ठोकतात
आणि चौथ्यावर औषधकंपनीची काचेची दारं,
सहा वर्षांपूर्वी मीच बसवलेली.

लोर्ना मिस्किटा, अकाउंट्स,
जिन्यापाशी वॉचमनच्या खुर्चीत.
मांडीवर डबा, गळ्यात कार्ड.
गावठाणातून चालत येतात, एकोणीस वर्षं.
"माझ्या आज्याचं भात व्हायचं इथं,
आणि हे मशीन मला विचारतं, कोण तू?"
तसं विचारत नाही, मी म्हटलं.
त्याला माहीत आहे तुम्ही कोण.
त्याचं म्हणणं एवढंच, की तुम्ही आत आहात.

मग समजावत बसलो.
जो बाहेर पडला नाही
त्याला पुन्हा आत येता येत नाही,
एका कार्डावर दोघं घुसू नयेत म्हणून.
काल संध्याकाळी आगीची रंगीत तालीम झाली.
भोंगा वाजला की करंट तुटतो,
करंट तुटला की चुंबक दार सोडून देतं.
आपल्या घरच्या कुलपाला उघडायला किल्ली लागते,
ह्याला मिटून राहायला वीज लागते.
सगळे खाली उतरले, टपरीपाशी मोजले गेले,
मग वर येऊन बॅगा घेऊन
कार्ड लावून रीतसर घरी गेले.
लोर्नाबाईंची पर्स खांद्यालाच होती.
त्या तशाच निघाल्या.

"म्हणजे रात्रभर मी आत?"
सिस्टमच्या मते, हो.
"अंधारात?"
एसीसुद्धा बंद, मी म्हटलं.
तेव्हा कुठे हसल्या.
"बरी आहे की बाई.
मार्चचे हिशोब जुळवले असतील तिनं.
राहू दे तिला. मी जाते, घरी बोंबील पडलेत."
पण खुर्चीतून उठल्या नाहीत.

सर्व्हरच्या खोलीत गार वाऱ्यात पॅनल उघडलं.
ऑफिसात फिरून माणसं मोजली, त्रेचाळीस.
स्क्रीनवर आत असलेले पंचेचाळीस.
एक लोर्नाबाई.
दुसरं कार्ड एकशे सतरा,
बाबाजी धाडवे, शिपाई.
आत: चौदा ऑगस्ट, सकाळी आठ एकवीस.
बाहेर: काहीच नाही.
साल मागच्याच्या मागचं.

ॲडमिनच्या पोराला विचारलं.
तो माऊसकडे बघत राहिला.
पॅन्ट्रीत पडले, म्हणाला. कपबशा विसळताना.
मागच्या दारानं नेलं, मालाच्या लिफ्टनं,
चौघांनी धरून. दाराला स्टूल लावलं होतं.
कार्ड?
शर्टाच्या खिशात असेल.

त्या दिवसाचा लॉग काढला, उगाच.
मागचं दार उघडं राहिलं,
चार मिनिटं अकरा सेकंद.
अलार्म वाजला. कुणीतरी बंद केला.
एवढंच.

सगळ्यांना एकदम बाहेर काढायचं एक बटण असतं.
वर्षातून एकदा ते दाबावं, असं पुस्तकात लिहिलंय.
माझ्याकडून राहून गेलं होतं.
बोट नेलं तिथवर.
मग यादीत खाली जाऊन
एकाच नावावर खूण केली.
बाहेर टिक झालं, हिरवा दिवा,
आणि डबा सांभाळत लोर्नाबाई आत,
मागे वळून कार्डरीडरला म्हणाल्या, "थँक्यू हां."

व्हिजिटचे साडेसातशे, जीएसटी वेगळा.
बिलावर कामाचं स्वरूप लिहावं लागतं.
लिहिलं, एक नाव सोडवलं.
दुसऱ्याबद्दल
कुणाची तक्रार नव्हती.