हात न लावलेली

लॉवेल प्रुइट एकेक उतरवत होता भिंतीवरून,
तान्हं मूल द्यावं तशी, मानेखाली हात धरून.
बुधवार होता, माझं नेल-सलून बंद.
गार्डन ग्रोव्हपासून फुलर्टनपर्यंत गाडीत
बा एक शब्द बोलला नव्हता.
डाव्या हाताची बोटं तेवढी मांडीवर
काहीतरी दाबत होती, सोडत होती.

लॉवेल सांगायचा, मी बाला सांगायचे.
सगळ्या एकाच घराण्यातल्या, फेंडरच्या.
ही टेलिकास्टर. फळकुटासारखी सपाट, पण खोटं बोलत नाही.
ही जॅझमास्टर. जॅझवाल्यांसाठी केली,
त्यांनी काही फारशी घेतली नाही.
इथे लॉवेल हसला.
हसणं मी भाषांतरात घातलं नाही.
कोपऱ्यातली ती मस्टँग, शिकाऊ पोरांची.
आखूड मान, विटलेला लाल,
पाठीवर कुणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाने ओरखडलेलं.

बाने एकही वाजवली नाही.
चष्मा कपाळावर, डोळा लाकडाला टेकवून
तो नुसत्या माना बघत होता,
पाठीवर बोटाच्या पेराने ठकठक,
फणस वाजवून बघतात तसं.
मला म्हणाला, विचार त्याला,
पडद्यांखाली लाकूड किती जाड आहे?

चाळीस वर्षांच्या धंद्यात
लॉवेलला हे कुणी विचारलं नव्हतं.
"का?" म्हणाला.
मी म्हटलं, म्हातारा सुतार आहे.
निम्मं खरं होतं.

उरलेलं निम्मं गॅरेजमध्ये होतं,
तेल लावून फडक्यात गुंडाळलेल्या तीन गोल कानशी.
दोन पडद्यांमधलं लाकूड बा कोरून काढणार होता,
होडीच्या पोटासारखं,
म्हणजे तार खोल दाबता येते,
सूर चढतो, थरथरतो, परत जागेवर येतो.
सा देकला, नाटकमंडळीच्या बोटीवर,
त्याने अशा किती गिटारी कोरल्या त्याची गणती नाही.
त्यातली एकही समुद्र ओलांडून आली नाही.
वोंग को सरळ पट्टीवर वाजतच नाही.
पट्टीवर पायऱ्या असतात, बा म्हणतो,
आमच्या गाण्याला उतरण लागते.

शेवटी लॉवेलने काचेच्या कपाटातून
एक स्ट्रॅटोकास्टर काढली. आवाजच खाली आला त्याचा.
बासष्ट सालची. एक स्क्रू बदललेला नाही.
अस्सल.
ह्याला आमच्या भाषेत शब्द आहे,
पण का कोण जाणे, मी म्हटलं,
बा, ही कुणी हात न लावलेली.

बाने तिच्याकडे पाहिलं,
मुंडावळ्या बांधायच्या राहून गेल्यासारखं.
"बिचारी," म्हणाला.

मग कोपऱ्यातली मस्टँग घेऊन
एका अॅम्प्लिफायरवर बसला,
वायर न जोडता, कान लाकडाला लावून.
चौऱ्याहत्तर वर्षांची बोटं, त्यातली दोन आखडलेली.
आखूड मानेवर तारा जरा सैल असतात.
एकच सूर दाबला. तो जेमतेम हलला.
तरी बाचा चेहरा, कसा सांगू,
पाणी किती खोल ते काठीला कळल्यावर
नावाड्याचा होतो तसा.

"ती पोरांची आहे," लॉवेल मला म्हणाला.
मी हे सांगितलं. बा म्हणाला, "पुरेल."
लाकडाबद्दल.

पैसे मोजताना लॉवेल हिरमुसला होता, पण भला माणूस.
चौदा दिवसांत परत आणा, म्हणाला,
जशी नेली तशी.
आणि कोरड्या हवेत लाकडाला जपा.
बा लाकडाला फार जपतो, मी म्हटलं.

रात्री अकराला गॅरेजचा दिवा चालूच.
भुसा तांबूस, त्याच्या भुवयांवरसुद्धा.
पहिल्या घरात तार बुडवली त्याने,
आणि मी दारात चहा घेऊन उभी राहिले, थंड होईपर्यंत.

"ती पावती टाकू नकोस."
"का? परत करायचीय?"

बाने ती उलटी केली,
कोऱ्या बाजूवर सुतारी पेन्सिलीने एक रेघ ओढली,
आणि पेन्सिल कानावर ठेवली.
अजून एकवीस घरं.